मधुमेह, लठ्ठपणा आणि थायरॉइड : रिपोर्ट कसा समजून घ्यावा?

तुम्हाला मधुमेह आहे, वजनही जास्त आहे, आणि नेहमीच्या तपासण्यांबरोबर केलेल्या थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये टीएसएचचा आकडा ठळक अक्षरांत छापून आला आहे. असे झाले की दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, ‘म्हणूनच माझे वजन कमी होत नव्हते!’ आणि दुसरी, ‘आता आयुष्यभर आणखी एक गोळी.’ या दोन्ही प्रतिक्रिया बरोबर असू शकतात, तशाच दोन्ही चुकीच्याही असू शकतात. मधुमेह, लठ्ठपणा आणि थायरॉइड यांचा एकमेकांशी संबंध आहे; पण तो नेमका कसा आहे हे समजले तर अनावश्यक औषध टळते आणि आवश्यक औषध वेळेवर सुरू होते.

थोडक्यात महत्त्वाचे

- टाइप १ मधुमेहात थायरॉइडचे आजार बरेच जास्त आढळतात. त्यामुळे या रुग्णांनी टीएसएचची तपासणी ठरावीक काळाने करायलाच हवी.
- थायरॉइड मंद झाली तर वजन वाढते, पण बहुतेकांमध्ये ही वाढ थोड्याच किलोंची असते. वीस-तीस किलो जास्तीच्या वजनाचे खापर एकट्या थायरॉइडवर फोडता येत नाही.
- लठ्ठपणामुळेसुद्धा टीएसएच थोडे वाढू शकते. वजन उतरल्यावर ते आपोआप खाली येऊ शकते.
- थायरॉइडच्या बिघाडामुळे साखर वर-खाली होते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.
- थायरॉइडची गोळी ही वजन कमी करण्याची गोळी नाही.

थायरॉइड काय काम करते?

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, घाटीच्या खाली असलेली फुलपाखराच्या आकाराची छोटी ग्रंथी आहे. ती टी-४ आणि टी-३ ही दोन हार्मोन तयार करते. शरीर ऊर्जा किती वेगाने वापरते, हृदय किती वेगाने धडकते, आतडी किती वेगाने काम करतात, कोलेस्टेरॉलचा निचरा कसा होतो, हे सारे या हार्मोनवर अवलंबून असते.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचे लक्ष असते. रक्तात थायरॉइडचे हार्मोन कमी पडले की पिट्युटरी जास्त टीएसएच सोडते, म्हणजे थायरॉइडला ‘काम वाढव’ असा निरोप पाठवते. हार्मोन जास्त झाले की टीएसएच कमी होते. म्हणून रिपोर्ट उलटा वाचावा लागतो. टीएसएच वाढलेले म्हणजे थायरॉइड मंद, आणि टीएसएच फार कमी म्हणजे थायरॉइड अतिवेगाने चालते आहे, असा साधारण अर्थ. मंद थायरॉइडला हायपोथायरॉइडिझम आणि वेगवान थायरॉइडला हायपरथायरॉइडिझम म्हणतात.

बहुतेक लॅबमध्ये प्रौढांसाठी टीएसएचची सामान्य मर्यादा सुमारे ०.४ ते ४.५ अशी छापलेली असते. प्रत्येक लॅबचे आकडे थोडे वेगळे असतात, म्हणून तुमच्या रिपोर्टवर छापलेली मर्यादाच पाहा.

मधुमेह असणाऱ्यांमध्ये थायरॉइडचे आजार जास्त का दिसतात?

याचे उत्तर तुमचा मधुमेह कोणत्या प्रकारचा आहे यावर अवलंबून आहे.

*टाइप १ मधुमेह.* यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा चुकून स्वतःच्याच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करते. ज्यांच्यात ही यंत्रणा एका ग्रंथीवर उलटते, त्यांच्यात ती दुसऱ्या ग्रंथीवरही उलटण्याची शक्यता जास्त असते. टाइप १ मधुमेह असलेल्या सुमारे १७ ते ३० टक्के लोकांमध्ये अशा प्रकारचा थायरॉइडचा आजार आढळतो. सर्वांत जास्त दिसतो तो हाशिमोटो थायरॉइडायटिस, ज्यात थायरॉइड हळूहळू मंद होत जाते. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. ग्रेव्हज आजारात याच्या उलट, म्हणजे थायरॉइड अतिवेगाने काम करू लागते.

*टाइप २ मधुमेह.* इथे संबंध इतका थेट नाही. मात्र दोन्ही आजार मुळातच खूप पसरलेले आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील आठ शहरांमधील प्रौढांची तपासणी झाली होती. त्यात मुंबई आणि गोव्याचाही समावेश होता. त्यात सुमारे ११ टक्के लोकांमध्ये मंद थायरॉइड आढळली. दुसरीकडे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील सुमारे ११ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, आणि गोव्यात हे प्रमाण देशात सर्वाधिक, म्हणजे २६ टक्क्यांच्या आसपास आहे. इतके पसरलेले दोन आजार अनेकांमध्ये एकत्र येणारच. त्यातही स्त्रिया, साठीच्या पुढचे लोक आणि घरात थायरॉइडचा आजार असलेले लोक यांच्यात ही शक्यता अधिक.

थायरॉइड बिघडली की साखरेचे काय होते?

*थायरॉइड मंद असेल तर* आतड्यांतून साखर हळू शोषली जाते, यकृत कमी साखर तयार करते आणि घेतलेले इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते. त्यामुळे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर अचानक खूप कमी होऊ शकते. जेवण तेच, डोस तोच, तरीही वारंवार दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असे होऊ लागले तर कारणांच्या यादीत थायरॉइडही ठेवा. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांमध्ये तर मंद थायरॉइडची ही पहिली खूण ठरू शकते. मुलाची उंची अपेक्षेप्रमाणे वाढत नसेल तर संशय आणखी बळावतो.

मंद थायरॉइडमुळे स्नायूंवरचा इन्सुलिनचा परिणामही कमी होतो. म्हणजे एकीकडे साखर कमी होण्याची भीती आणि दुसरीकडे इन्सुलिनला विरोध, असे दोन्ही एकाच वेळी चालते. म्हणून तुमच्या बाबतीत काय घडते आहे हे ग्लुकोमीटरच्या नोंदींवरूनच कळेल. अंदाज बांधू नका.

*थायरॉइड वेगवान असेल तर* यकृत जास्त साखर रक्तात सोडते, आतडी ती पटकन शोषतात आणि इन्सुलिन लवकर निघून जाते. साखर वाढते आणि इन्सुलिनची गरजही वाढते. टाइप १ च्या रुग्णांमध्ये रक्तात कीटोन साचून प्रकृती गंभीर होण्याचा धोका वाढतो. इथे एक फसगत होते. वजन उतरते आहे, म्हणून रुग्ण आणि नातेवाईक खूश असतात. भूक चांगली लागत असूनही वजन घटत असेल आणि त्याच वेळी साखर वाढत असेल, तर तो पथ्याचा परिणाम समजू नका. तपासणी करा.

*एचबीए१सीचा आकडाही फसवू शकतो.* तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी ही तपासणी लाल रक्तपेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. थायरॉइड खूप मंद असेल तर लाल पेशी हळू बदलतात, आणि एचबीए१सी खऱ्या साखरेपेक्षा थोडे जास्त दिसू शकते. थायरॉइडचे उपचार सुरू झाल्यावर साखरेत फारसा फरक नसतानाही ते थोडे खाली येते. लोह कमी असल्यानेही असेच होते. म्हणून ग्लुकोमीटरचे आकडे आणि एचबीए१सी जुळत नसतील तर डॉक्टरांना दोन्ही दाखवा.

वजनाचा प्रश्न : थायरॉइडमुळे लठ्ठपणा, की लठ्ठपणामुळे टीएसएच?

सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर आहेत, म्हणून तो जरा सविस्तर पाहू.

थायरॉइड मंद झाल्यावर शरीराची ऊर्जा वापरण्याची गती कमी होते आणि शरीरात मीठ व पाणी साठते. त्यामुळे वजन वाढते हे खरे. पण ही वाढ साधारणपणे दोन ते पाच किलोंची असते आणि तिच्यातला मोठा भाग चरबीचा नसून पाण्याचा असतो. उपचारानंतर तेवढे वजन उतरू शकते, त्यापेक्षा जास्त नाही. म्हणजे एखाद्याचे वजन ९५ किलो असेल आणि ७० किलो असायला हवे असेल, तर थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर ते ९१-९२ पर्यंत येईल. उरलेल्या वजनासाठी आहार, चालणे, झोप आणि गरज पडल्यास वजनाची स्वतंत्र औषधे यांचाच आधार घ्यावा लागेल. हे आधीच माहीत असले तर सहा महिन्यांनी ‘गोळी लागू पडत नाही’ अशी निराशा येत नाही.

आता उलटी बाजू. लठ्ठ व्यक्तींमध्ये, थायरॉइडचा कोणताही आजार नसताना, टीएसएच थोडे वाढलेले आढळते. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे हार्मोन तयार करतात. ते मेंदूला संदेश देते आणि टीएसएच थोडे वाढते. अशा वेळी टी-४ सामान्य असते, टी-३ सामान्य किंवा किंचित वाढलेले असते आणि अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडांची तपासणी निगेटिव्ह येते. ग्रंथी आजारी नसते. वाढलेल्या वजनाशी जुळवून घेण्याचा शरीराचा तो प्रयत्न असतो, असे आज मानले जाते. वजन उतरले की टीएसएचही खाली येते. अशा व्यक्तीला केवळ ५.८ किंवा ६.५ असा आकडा पाहून आयुष्यभराची गोळी सुरू करण्याची घाई करू नये.

भारतीयांमध्ये बीएमआय २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानला जातो. कंबरेचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या आत असावा. टीएसएचचा आकडा वाचताना हे दोन आकडेही समोर ठेवा.

लक्षणे ओळखणे अवघड का जाते?

थकवा, सुस्ती, वजन वाढणे, बद्धकोष्ठता, त्वचा कोरडी पडणे, हातापायांना मुंग्या, उदास वाटणे ही मंद थायरॉइडची लक्षणे आहेत. पण साखर जास्त राहिली तरी थकवा येतो, मधुमेहाने नसांवर परिणाम झाला तरी मुंग्या येतात, आणि मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्याने जीवनसत्त्व बी-१२ कमी झाले तरीही या दोन्ही तक्रारी होतात. लठ्ठ व्यक्तींमध्ये घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे यामुळे दिवसभर झापड येते. म्हणून केवळ लक्षणांवरून निदान होत नाही.

तरीही पुढील गोष्टी दिसल्या तर थायरॉइडचा विचार आधी करा :

- इतरांना उकडत असताना तुम्हाला थंडी वाजणे, आवाज घोगरा होणे, सकाळी चेहऱ्यावर आणि डोळ्यांभोवती सूज
- पाळीत अंगावरून जास्त जाणे किंवा पाळी अनियमित होणे
- पथ्य पाळूनही एलडीएल कोलेस्टेरॉल अचानक वाढणे, किंवा कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सुरू केल्यावर स्नायू खूप दुखणे
- विश्रांतीतही छातीत धडधड, हात थरथरणे, उकाडा सहन न होणे, वारंवार शौचास होणे (ही वेगवान थायरॉइडची लक्षणे)
- गळ्यावर गाठ किंवा सूज दिसणे

तपासणी कोणी, कधी करावी?

- *टाइप १ मधुमेह :* निदान झाल्यावर साखर थोडी स्थिरावली की टीएसएच करावे. मुलांमध्ये त्यानंतर दर एक-दोन वर्षांनी, आणि लक्षणे दिसल्यास त्याआधीही. प्रौढांनीही ठरावीक काळाने करावे.
- *टाइप २ मधुमेह :* निदानाच्या वेळी एकदा टीएसएच करून घेणे बरे. ते सामान्य असेल आणि काही तक्रार नसेल तर प्रत्येक वेळी संपूर्ण थायरॉइड प्रोफाइल करण्याची गरज नाही. कोलेस्टेरॉल वाढले, साखर विनाकारण वर-खाली होऊ लागली किंवा वरील लक्षणे दिसली तर पुन्हा करा.
- *लठ्ठपणा :* वजन कमी करण्याचे उपचार सुरू करण्याआधी एकदा टीएसएच करावे.
- *हृदयासाठी अमिओडॅरोन किंवा मानसिक आजारासाठी लिथियम घेणारे :* ही औषधे थायरॉइडवर परिणाम करतात. साधारण दर सहा महिन्यांनी तपासणी लागते.

तपासणीला जाताना काही गोष्टी पाळा. टीएसएचसाठी उपाशी राहावे लागत नाही, पण ते दिवसभरात बदलते. म्हणून दर वेळी साधारण सकाळच्या एकाच वेळेला आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये रक्त द्या. थायरॉइडची गोळी आधीच सुरू असेल तर त्या दिवशी रक्त दिल्यावर ती घ्या. केस गळण्यासाठी किंवा पायांच्या मुंग्यांसाठी बायोटिन असलेल्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना विचारून किमान दोन दिवस आधी बंद करा. बायोटिनमुळे रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. तसेच मोठे आजारपण, जंतुसंसर्ग किंवा रुग्णालयात दाखल असतानाचे आकडे तात्पुरते बिघडलेले असू शकतात. बरे झाल्यावर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करा.

रिपोर्ट वाचू या : पाच नमुने

पुढील उदाहरणे समजण्यासाठी आहेत. तुमचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या.

१. वय ४२, स्त्री, बीएमआय ३३, टाइप २ मधुमेह. टीएसएच ६.२, फ्री टी-४ सामान्य, अँटी-टीपीओ निगेटिव्ह. घाई नको. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि त्या काळात वजनावर काम. अशा थोड्या वाढलेल्या टीएसएचपैकी बरेच आकडे दुसऱ्या वेळी सामान्य येतात.

२. वय ३१, स्त्री, टाइप १ मधुमेह, मूल हवे आहे. टीएसएच ८.५, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह. इथे ग्रंथीचा खरा आजार आहे आणि गरोदरपण जवळ आहे. उपचार सुरू करणे योग्य.

३. वय ७४, पुरुष, टाइप २ मधुमेह. टीएसएच ६.०, फ्री टी-४ सामान्य. वयाबरोबर टीएसएच थोडे वाढणे स्वाभाविक आहे. ६५ वर्षांवरील अशा रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या युरोपीय चाचणीत गोळी दिल्याने थकवा किंवा इतर लक्षणांमध्ये फरक पडला नाही. बहुतेक वेळा फक्त लक्ष ठेवणे पुरेसे असते.

४. वय ५५, पुरुष, इन्सुलिन सुरू आहे. टीएसएच ३८, फ्री टी-४ कमी, एलडीएल १९०, साखर वारंवार खाली जाते. उपचार लगेच हवेत. थायरॉइड सुधारत जाईल तसे कोलेस्टेरॉल कमी होईल. मात्र इन्सुलिनची गरज वाढू शकते, म्हणून साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी.

५. वय ४८, स्त्री, टाइप २ मधुमेह. टीएसएच ०.०२, फ्री टी-४ वाढलेले, तीन महिन्यांत सहा किलो वजन घटले, साखर वाढली. ही वेगवान थायरॉइड आहे. हार्मोनतज्ज्ञांना, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टना लवकर दाखवावे.

साधारण नियम असा : टीएसएच १० च्या पुढे असेल, किंवा फ्री टी-४ कमी असेल, तर बहुतेकांना उपचार लागतात. ४.५ ते १० च्या दरम्यान वय, लक्षणे, प्रतिपिंडे, हृदयाची स्थिती आणि गरोदरपणाची शक्यता पाहून ठरवतात.

गोळी कशी घ्यावी?

मंद थायरॉइडसाठी लिव्होथायरॉक्सिन दिले जाते. शरीरात तयार होणाऱ्या टी-४ सारखेच ते असते. योग्य डोसमध्ये ते वर्षानुवर्षे सुरक्षित आहे. वयस्कर आणि हृदयविकार असलेल्या रुग्णांमध्ये १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून डोस हळूहळू वाढवतात.

- सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. चहा, कॉफी, दूध, नाश्ता यांच्याआधी ३० ते ६० मिनिटे जाऊ द्या.
- इन्सुलिन घेणाऱ्यांनी गोळी आधी घ्यावी, आणि इन्सुलिन नाश्त्याच्या वेळेशी जुळवून घ्यावे. गोळीनंतर थांबायचे आहे म्हणून इन्सुलिन घेऊन उपाशी बसू नका.
- सकाळी जमत नसेल तर रात्री जेवणानंतर किमान तीन तासांनी घेता येते. वेळ मात्र रोज एकच ठेवा.
- कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि अँटासिड यांच्यात चार तासांचे अंतर ठेवा. पँटोप्राझोलसारख्या पित्ताच्या गोळ्या रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. त्यांनीही थायरॉइडची गोळी कमी शोषली जाते.
- शक्यतो एकाच कंपनीची गोळी घ्या. बाटली ओलावा आणि ऊन यांपासून दूर ठेवा.
- डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. त्याआधी केलेल्या तपासणीतून खरे चित्र दिसत नाही.
- टीएसएच सामान्य आले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. ते गोळीमुळेच सामान्य आले असू शकते.

वेगवान थायरॉइडसाठी बहुधा कार्बिमॅझोल देतात. ते घेत असताना ताप आणि घसा दुखणे सुरू झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा आणि रक्तातील पांढऱ्या पेशी तपासा. ही गुंतागुंत क्वचितच होते, पण गंभीर असते. धडधडीसाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलमुळे साखर कमी झाल्याची धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम मात्र येतो. ती खूण ओळखा. थायरॉइड आटोक्यात येईल तशी इन्सुलिनची गरज कमी होते, म्हणून साखर खाली जाण्याकडे लक्ष ठेवा.

मधुमेह व वजनाची औषधे आणि थायरॉइड

*मेटफॉर्मिन* जेवणाबरोबर घेतात, त्यामुळे थायरॉइडच्या गोळीशी वेळेचा संघर्ष होत नाही. मंद थायरॉइड असलेल्यांमध्ये त्यामुळे टीएसएच किंचित कमी दिसू शकते.

*सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड* ही औषधे साखर आणि वजन दोन्ही कमी करतात. उंदरांवरील प्रयोगांत थायरॉइडच्या एका विशिष्ट प्रकारच्या पेशींच्या गाठी दिसल्या होत्या. म्हणून ज्यांना स्वतःला किंवा घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झाला आहे, किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक आजार आहे, त्यांना ही औषधे देत नाहीत. साध्या मंद थायरॉइडमध्ये ती घेता येतात. वजन बरेच उतरले तर थायरॉक्सिनचा डोसही कमी करावा लागू शकतो.

सेमाग्लुटाइडची *गोळी* सुद्धा सकाळी रिकाम्या पोटी, जेमतेम अर्धा कप पाण्याबरोबर घ्यायची असते, आणि ती थायरॉक्सिनबरोबर घेतल्यास थायरॉक्सिन जास्त शोषले जाते. दोन्ही सुरू असतील तर कोणती कधी घ्यायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

खाण्यापिण्याचे काय?

आयोडीनयुक्त मीठ वापरा. मात्र आयोडीनसाठी जास्त मीठ खाण्याची गरज नाही. रक्तदाबासाठी मीठ कमी केले तरी आयोडीन पुरते. उपवासाचे सैंधव मीठ अधूनमधून वापरायला हरकत नाही, पण ‘आरोग्यदायी’ म्हणून रोजच्या स्वयंपाकात आयोडीन नसलेले सैंधव वापरणे योग्य नाही. समुद्री शेवाळाच्या गोळ्या किंवा आयोडीनचे टॉनिक घेऊ नका. जास्त आयोडीनही थायरॉइड बिघडवते.

कोबी, फ्लॉवर बंद करायची गरज नाही. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या या भाज्यांनी त्रास होत नाही, आणि मधुमेहात तर त्या उपयोगीच आहेत.

गरोदरपण

मधुमेह आणि मंद थायरॉइड दोन्ही असतील तर दिवस राहण्याआधीच दोन्ही नियंत्रणात आणा. थायरॉक्सिन सुरू असलेल्या स्त्रीला दिवस राहिले की डोस साधारण २० ते ३० टक्क्यांनी वाढवावा लागतो. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर अवलंबून असते. म्हणून चाचणी पॉझिटिव्ह आल्याबरोबर डॉक्टरांना कळवा, पुढच्या भेटीची वाट पाहू नका. गोळी बंद तर मुळीच करू नका.

तातडीने रुग्णालयात केव्हा जावे?

- मंद थायरॉइडच्या रुग्णाला खूप गुंगी, अंग गार पडणे, श्वास मंद होणे
- छातीत सतत वेगाने किंवा अनियमित धडधड, धाप लागणे, छातीत दुखणे
- साखर खूप वाढून उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास
- साखर कमी होऊन शुद्ध हरपणे. अशा वेळी तोंडात काही घालू नका

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*वजन कमी करण्यासाठी थायरॉइडची गोळी घेतली तर?*
थायरॉइड सामान्य असताना ही गोळी घेतल्याने चरबीपेक्षा स्नायूंची झीज होते, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. मधुमेहात हृदय आधीच धोक्यात असते. वजन घटवणाऱ्या काही पावडरी आणि कॅप्सूलमध्ये थायरॉइडचे हार्मोन गुपचूप मिसळलेले आढळले आहे. घटक न लिहिलेली अशी औषधे टाळा.

*गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल का?*
हाशिमोटो आजार, थायरॉइडची शस्त्रक्रिया किंवा रेडिओआयोडीन उपचार झाले असतील तर बहुधा हो. फक्त टीएसएच थोडे वाढले म्हणून गोळी सुरू झाली असेल आणि नंतर वजन बरेच उतरले असेल, तर गोळी कमी करून पाहता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

*अँटी-टीपीओ दर वेळी करावे का?*
नाही. एकदा पॉझिटिव्ह आले की पुन्हा करून उपचारात काही बदल होत नाही. तो खर्च वाचवा.

*एक दिवस गोळी विसरली तर?*
त्याच दिवशी आठवल्यावर पोट रिकामे असेल त्या वेळी घ्या. हे औषध शरीरात अनेक दिवस टिकते, त्यामुळे एका दिवसाने बिघडत नाही. हृदयविकार असेल तर दुसऱ्या दिवशी स्वतःहून दुप्पट गोळी घेऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना सोबत काय न्यावे?

टीएसएचचे आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या. एका आकड्यापेक्षा आकड्यांचा कल जास्त सांगतो. गेल्या दोन आठवड्यांच्या साखरेच्या नोंदी, वजनाची नोंद, आणि कॅल्शियम, पित्ताच्या गोळ्या, केसांच्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्ण यांसह घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी ठेवा. घरातील कुणाला थायरॉइडचा आजार किंवा कर्करोग झाला असेल तर ते सांगा. आणि एक प्रश्न स्पष्ट विचारा : ‘माझ्या ग्रंथीला आजार आहे, की वजनामुळे आकडा वाढला आहे?’ गोळी सुरू करायची, थांबायचे की फक्त तपासणी पुन्हा करायची, हे त्या उत्तरावरूनच ठरेल.